नव्यानं विभागप्रमुख झालात? आधी बघा, तुमच्यासाठी कोण थांबलंय

मुंबईत मरोळच्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये अकरा वर्षं काम केल्यावर मी त्याच विभागाची प्रमुख झाले. हाताखाली नऊ जण. तिसऱ्या आठवड्यात स्टोअर्समधून फोन आला, "मॅडम, खोके संपलेत. पुरवठादार माल सोडत नाहीये, मागचं बिल निघालं नाही म्हणतोय." बिल तपासून झालं होतं, व्हाउचर लावून झालं होतं. फाईल चार दिवस माझ्या टेबलावर होती. सहीला दोन मिनिटंही लागली नसती. त्या दुपारी पॅकिंगची सहा माणसं खोक्यांअभावी नुसती बसून राहिली.

त्या चार दिवसांत मी सकाळी नऊ ते रात्री आठ काम करत होते. जेवणाचा डबासुद्धा टेबलावरच उघडत होते. म्हणजे वेळ वाया घालवला असा एकही तास दाखवता आला नसता, आणि तरीही सहा माणसांची अख्खी दुपार माझ्यामुळे गेली. तोवर मी स्वतःचा वेळ कसा वाचवायचा याच विचारात होते. प्रमुखाला आधी दुसऱ्यांचा अडलेला वेळ सोडवावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. तो सुटला की आपलाही बराचसा सुटतो.

तुम्ही अकाउंट्समध्ये असा, डिस्पॅचमध्ये असा, शाळेत पर्यवेक्षक झाला असाल किंवा एखाद्या शाखेची जबाबदारी नुकतीच आली असेल, पुढच्या पायऱ्या थोड्याफार फरकानं लागू पडतील. उदाहरणं माझ्या कामातली आहेत, कारण तेवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- एक साधी दोनशे पानी वही. मोबाईलमधलं ॲप नको, कारण नोंद करायला मोबाईल उचलला की आधी मेसेज दिसतात.
- भिंतीवरचं किंवा टेबलावरचं महिन्याचं कॅलेंडर, लिहायला मोठे चौकोन असलेलं.
- टीममधल्या प्रत्येकाचं नाव आणि त्याच्याकडे आज नेमकी कोणती कामं आहेत, याची यादी. तुमच्या आधीच्या साहेबांनी दिली नसेल तर एकेकाला विचारून स्वतः करा.
- कंपनीचं अधिकारपत्र, म्हणजे कोण किती रकमेपर्यंत मंजुरी देऊ शकतो तो कागद. हा बहुतेक नवे लोक मागतच नाहीत. एचआरकडे किंवा वरच्या साहेबांकडे मागा, पहिल्याच आठवड्यात.
- तुम्हाला ज्या ठरलेल्या बैठकांना बसावं लागतं त्यांची यादी.

१. पहिले पाच दिवस काही बदलू नका, फक्त लिहा

दर अर्ध्या तासाला वहीत एक ओळ. तीन रकाने पुरतात: काय केलं, ते काम कोणी आणलं, आणि माझ्याशिवाय झालं असतं का. संध्याकाळी आठवून लिहू नका. आठवून लिहिताना आपण नकळत मोठी कामं लिहितो आणि "जरा दोन मिनिटं हं" म्हणून आलेल्या माणसांना गाळतो. दिवस खाणारी तर तीच असतात.

माझ्या वहीत पाच दिवसांनी जे दिसलं त्यानं मला धक्का बसला. मला वाटत होतं की वेळ बैठकांत जातो. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त ओळी होत्या त्या एकाच प्रकारच्या: "ही नोंद कुठल्या खात्यात टाकू?" मी अकरा वर्षं तेच काम केलेलं, त्यामुळे उत्तर जिभेवर तयार. विचारणाऱ्यालाही बरं, मलाही बरं वाटायचं. तिसऱ्या रकान्यात मात्र जवळपास प्रत्येक ओळीपुढे "हो" लिहावं लागलं. हो, माझ्याशिवाय झालं असतं.

इथला धोका: नोंद ठेवताना लाज वाटते आणि माणूस दुसऱ्याच दिवसापासून शहाण्यासारखा वागायला लागतो. तसं करू नका. नेहमीसारखाच आठवडा काढा. आणि महिनाअखेरीचा आठवडा निवडू नका, तो वेगळाच असतो.

२. रोजचा पहिला अर्धा तास अडलेल्यांचा

ऑफिसात पोचल्यावर ईमेल उघडायच्या आधी वहीचं नवं पान घ्या आणि वर लिहा: माझ्यासाठी कोण थांबलंय? सही, मंजुरी, होकार-नकार, एखादा पासवर्ड, एखादं उत्तर. नावं लिहा, कामं नाहीत. "वाहतुकीचं बिल" असं लिहिलं की ते कागद वाटतं. माणसाचं नाव लिहिलं की तो माणूस डोळ्यांसमोर येतो. मग त्या अर्ध्या तासात जेवढ्यांना मोकळं करता येईल तेवढ्यांना करा.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ च्या एका भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यांतला फरक सांगितला होता, तोही एका माजी कॉलेज-अध्यक्षाचा विचार म्हणून. त्यावरून पुढे चार चौकोनांची पद्धत रूढ झाली: काम तातडीचं आहे का आणि महत्त्वाचं आहे का, हे बघून ते चारपैकी एका चौकोनात टाकायचं. ती चांगली आहे, मी अजून वापरते. पण नव्या प्रमुखाला ती पुरत नाही असं माझं मत आहे. तुमच्याकडे येणारा प्रत्येक जण आपलं काम तातडीचंच म्हणून आणतो, आणि नव्या खुर्चीवर बसलेल्याला ते खरंही वाटतं. म्हणून मी तिसरा प्रश्न जोडला: हे मी आज केलं नाही, तर कोणाचं काम थांबेल? खोक्यांचं बिल महत्त्वाचं वाटत नव्हतं, तातडीचंही वाटत नव्हतं. तिसऱ्या प्रश्नानं ते पहिल्या नंबरवर आलं असतं.

पुरवठादारांच्या बाबतीत तर हे कायद्यानंही अंगावर येतं. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. चार दिवस टेबलावर पडलेली फाईल त्या पंधरातले चार दिवस घेऊन जाते.

अर्धा तास संपला की थांबा. उरलेली नावं दुपारी. मी जेवणानंतर अजून पंधरा मिनिटं त्यासाठी ठेवली आहेत, आणि टीमला ती वेळ माहीत आहे. वेळ माहीत असली की लोक दारात घुटमळत नाहीत.

३. काम सोपवा, आणि त्याबरोबर निर्णयही सोपवा

ही पायरी सगळ्यात अवघड. यात मला सहा महिने लागले.

आधी मी काम देत होते आणि निर्णय स्वतःकडे ठेवत होते. "तू बिल तपास, मग मला दाखव." म्हणजे त्याचंही काम वाढलं आणि माझंही. सोपवलं असं मला वाटत होतं, पण प्रत्येक फाईल फिरून माझ्याच टेबलावर येत होती.

आपल्या मुंबईत याचं उत्तम उदाहरण रोज दुपारी डोळ्यांसमोर असतं. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास डबे पोचवण्याचं काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. घरातून डबा उचलणारा एक, स्टेशनवर वर्गवारी करणारा दुसरा, ऑफिसच्या मजल्यावर पोचवणारा तिसरा. डब्यावरच्या खुणेत कुठलं स्टेशन, कुठली इमारत, कुठला मजला हे सगळं असतं. त्यामुळे मधल्या कोणालाही मुकादमाला विचारायला जावं लागत नाही. मी ऑफिससाठी घेतलं ते एवढंच: प्रश्नाचं उत्तर आधीच कागदावर लिहून ठेवायचं, म्हणजे प्रश्न माझ्यापर्यंत यायचं कारणच उरत नाही.

प्रत्यक्षात मी काय केलं ते सांगते. पहिल्या पायरीतल्या वहीतून वारंवार आलेले प्रश्न काढले, ते सतरा निघाले. प्रत्येकाचं उत्तर दोन-तीन ओळींत लिहून सगळ्यांच्या टेबलावर ठेवलं. मग अधिकारपत्र घेऊन साहेबांकडे गेले आणि म्हटलं, "सर, पंचवीस हजारांपर्यंतची नेहमीच्या पुरवठादारांची बिलं माझ्या दोन सीनियर मंडळींनी मंजूर करावीत असं मला वाटतं. दर शुक्रवारी मी त्यांची यादी बघेन." त्यांनी ते ईमेलवर मागितलं, मी दिलं, त्यांनी होकार लिहिला. हा लेखी होकार अत्यंत गरजेचा. तोंडी सोपवलेला अधिकार पहिली चूक झाली की नाहीसा होतो, आणि ज्याला दिला त्याचाच बळी जातो.

सापळे तीन आहेत.

पहिला: सोपवल्यावर मधेच डोकावणं. तुमच्या पद्धतीनं झालं नाही तरी बरोबर झालं असेल तर गप्प राहा.

दुसरा: सगळं एकाच हुशार माणसाला देणं. टीममध्ये एक असा असतोच, जो "नाही" म्हणत नाही. आमच्याकडे एक मुलगी होती, मी सगळं तिच्याकडे ढकलत गेले आणि ती आजारी पडली. तिची माफी मी मागितली, पण ती वेळ यायला नको होती. नऊ जणांची यादी समोर ठेवून वाटा, आठवणीनं वाटू नका.

तिसरा: चूक झाली की अधिकार परत घेणं. एक बिल दोनदा निघालं तेव्हा मलाही तसंच करावंसं वाटलं होतं. त्याऐवजी बिल नंबर तपासण्याची एक ओळ त्या कागदात वाढवली.

४. महिना मागून पुढे लिहा

कॅलेंडरवर आधी न हलणाऱ्या तारखा टाका. आमच्याकडे त्या अशा: ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेला कर भरणं, ११ ला जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला जीएसटीआर-३बी (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र). मार्चचा टीडीएस तेवढा ३० एप्रिलपर्यंत चालतो. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. तुमच्या विभागाच्या तारखा वेगळ्या असतील, पण असतील नक्की.

आता प्रत्येक तारखेच्या दोन कामाचे दिवस आधी लाल रेघ मारा. तुमची तारीख तीच. मूळ तारीख विसरून जा. शेवटच्या दिवशी पोर्टल संथ होतं, हे अकाउंट्समधल्या कोणालाही विचारा. मग त्या लाल रेघेपासून मागे मोजत कोणाकडून काय, केव्हा यायला हवं ते लिहा. विक्री विभागाकडून बिलांची यादी ९ ला हवी असेल तर त्यांना ती तारीख महिन्याच्या १ ला कळलेली असायला हवी. ८ ला संध्याकाळी फोन करून आपण त्यांचा वेळ खातो.

५. दोन तास दार लावून

अंदाजपत्रक, पगारवाढीच्या शिफारशी, लेखापरीक्षकांच्या शंकांची उत्तरं ही कामं तुकड्यातुकड्यात होत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस सलग दोन तास त्यासाठी राखा. मी मंगळवार, बुधवार, गुरुवार साडेदहा ते साडेबारा ठेवले आहेत. केबिन नसेल तर रिकामी बैठकीची खोली घ्या.

सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे गेलं की मन काही काळ पहिल्यातच अडकून राहतं आणि दुसरं काम नीट होत नाही. पुढे तिनंच सहकारी संशोधिकेबरोबर एक सोपा उपाय तपासला: उठण्याआधी मिनिटभर थांबून, आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिल्यांदा काय करायचं ते लिहून ठेवायचं. मी हे पेन्सिलीनं त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहिते. कोणी बोलवायला आलं तरी म्हणते, "एक मिनिट, एवढं लिहून येते." आजवर कोणालाही ते खटकलेलं नाही.

६. लोकलचा वेळ कामात धरू नका

मी डोंबिवलीहून येते. घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोनं मरोळ नाका. घर ते ऑफिस दीड तास, परतीचा तेवढाच. नवीन होते तेव्हा मला या तीन तासांचा मोह पडला. मेल बघू, फोन उरकू, यादी करू. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, जिथे हात वर करायला जागा नसते, तिथे मी उभ्यानं मेलला उत्तरं देत होते. एकदा एका पुरवठादाराला चुकीचा आकडा कळवला गेला आणि तो निस्तरायला पुढचे दोन दिवस गेले.

आता माझा नियम असा: जाताना काम नाही. बसायला मिळालं तर वाचन, नाहीतर डोळे मिटून उभं राहणं. येताना मेट्रोत उद्याच्या तीन गोष्टी वहीत लिहायच्या, घाटकोपरला वही बंद. काही जणांना डब्यात बसून लॅपटॉपवर काम जमतं. सुरुवातीच्या स्टेशनवरून बसायची सोय असेल तर करा, पण दिवसाच्या आराखड्यात ते तास मोजू नका. गाडी उशिरा आली की आराखडा कोसळतो.

आणि एक कळकळीची विनंती. डब्यात उभं राहून कोणाच्या पगाराबद्दल, राजीनाम्याबद्दल, चुकीबद्दल फोनवर बोलू नका. तुम्ही आता प्रमुख आहात. त्याच डब्यात तुमच्या ऑफिसातलं, नाहीतर त्या माणसाच्या बिल्डिंगमधलं कोणीतरी असतंच.

७. बैठका आणि ग्रुप

बैठकीचं बोलावणं आलं की एकच विचारा: यात कुठला निर्णय घ्यायचा आहे? उत्तर मिळालं नाही तर "टिपण पाठवा, मी वाचून कळवते" म्हणा. स्वतः बैठक घ्याल तेव्हा निर्णय, कोण करणार आणि कधीपर्यंत, या तीन गोष्टी उठण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवा.

व्हॉट्सॲप ग्रुप मी दिवसातून तीनदा बघते: अकरा वाजायच्या आत, दोनला, साडेपाचला. टीमला सांगून ठेवलंय की खरंच तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन. आणि मी उचलते. दार लावून बसले असले तरी उचलते. हे पाळलं नाही तर लोक दोन्हीकडे मेसेज टाकायला लागतात.

८. जादा माणसासारखा जादा वेळ ठेवा

डबेवाल्यांच्या गटात दोन-तीन माणसं जादा असतात. कोणी आजारी पडला, कोणाची गाडी चुकली तर त्याची फेरी ते उचलतात. आपल्या आठवड्यातही असा जादा वेळ हवा. मी दिवसाचा एक तास आणि शुक्रवारची दुपार पूर्ण मोकळी सोडते. रिकामी जागा दिसली की साहेबांपासून सगळे तिथे बैठक लावतात, म्हणून कॅलेंडरवर "राखीव" असं लिहून ठेवा.

पावसाळ्यात याला पर्याय नाही. दर वर्षी पावसाळ्याआधी मुंबई महापालिका साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. ती कॅलेंडरवर उतरवून घ्या. त्या दिवसांत जोराचा पाऊस आला तर पाणी ओसरत नाही आणि निम्मी टीम दादर, कुर्ला, ठाण्याला अडकते. अशा दिवशी मी महत्त्वाची बैठक ठेवत नाही आणि ज्यांना दूर जायचंय त्यांना लवकर सोडते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री ऑफिसात आणि रस्त्यात अडकलेली माणसं आजही आमच्यात काम करतात, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

गणपतीच्या सुट्ट्यांचंही आधीच बघा. कोकणात जाणारे रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं त्याच दिवशी तिकिटं काढतात, म्हणजे त्यांची सुट्टी त्यांना दोन महिने आधी पक्की माहीत असते. फक्त आपल्याला कोणी सांगत नाही, कारण आपण विचारत नाही. मी चतुर्थीच्या सत्तर दिवस आधी एक कागद फिरवते: कोण कधीपासून कधीपर्यंत. नऊपैकी पाच जण एकाच आठवड्यात निघालेत हे तिकिटं काढायच्या आधी कळलं, की आपसांत ठरवून दोघं दोन दिवस मागेपुढे करतात. गावी जायला "नाही" म्हणायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

९. वरच्या साहेबांना "नाही" कसं म्हणायचं

सरळ "वेळ नाही" म्हणू नका, ते कोणालाच ऐकू येत नाही. वही घेऊन जा. "सर, या आठवड्यात माझ्याकडे ही तीन कामं आहेत. नवीन अहवाल गुरुवारी हवा असेल तर यातलं कोणतं पुढे ढकलू?" पहिल्यांदा हे म्हणताना माझा आवाज कापत होता. साहेबांनी वही हातात घेतली, वाचली, आणि त्यातलं एक काम स्वतःच दुसऱ्या विभागाकडे दिलं. प्रत्येक वेळी असं होणार नाही. कधी "तिन्ही करा आणि हेही करा" असंही उत्तर येतं. तेव्हा निदान काय उशिरा होणार ते त्यांना आधी कळलेलं असतं, आणि ते ईमेलवर दोन ओळींत लिहून ठेवावं.

१०. शुक्रवारची चाळणी

शुक्रवारी साडेचारला वही उघडा. "माझ्यासाठी कोण थांबलंय" ही आठवड्याची सगळी पानं एकत्र बघा आणि जे नाव तीनपेक्षा जास्त वेळा आलंय त्याखाली रेघ मारा. त्या माणसाला बोलावून विचारा, "तुला माझ्याकडे वारंवार कशासाठी यावं लागतं?" उत्तर बहुतेक वेळा एखाद्या अधिकाराशी, एखाद्या न लिहिलेल्या नियमाशी किंवा मी विसरलेल्या उत्तराशी येऊन थांबतं. ते सोमवारच्या आत दुरुस्त करायचं. अशा दुरुस्त्यांमधून आमचा सतरा प्रश्नांचा कागद आता चौतीसवर गेला आहे, आणि पंचवीस हजारांची मर्यादा गेल्या एप्रिलपासून पन्नास हजार झाली आहे. मी पावणेसहाला निघते, घाटकोपरला साडेसहाच्या आसपासची फास्ट मिळते.